डावा पाय आणि ऑटोमॅटिक लाईट

माझ्या जीपच्या दिव्यांबद्दल दोन माणसांनी मला अर्धवट सांगितलं, आणि त्या दोघांना मी आजही माफ केलेलं नाही.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. पांढुर्ण्यात माझा संत्र्याचा व्यापार होता. सुरुवात स्टेशनबाहेर टोपली घेऊन केली. टोपलीची हातगाडी झाली, हातगाडीचं गोदाम झालं, आणि हे सगळं झालं ते फक्त सौदा करण्याच्या जोरावर. माझ्या चेहऱ्यावरून माझा शेवटचा भाव ओळखणारा माणूस अजून जन्मायचा आहे, असं मी चारचौघांत सांगत असे. (सौंसरचा देवाजी बागाईतदार दर हंगामात माझ्याकडून नेमका शेवटचाच भाव काढून नेई, पण त्याला मी त्याचं नशीब समजत होतो.)

तर मी नागपूरच्या एका ठेकेदाराकडून जुनी जीप घेतली. गाडी दाखवताना तो म्हणाला, "शेठ, लाईटचं असं आहे, तुमचा पाय..."

मला वाटलं, भाव चढवायला गोष्टी सांगून राहिला. "पाय-बिय राहू द्या," मी म्हणालो, "भाव बोला."

तो भाव बोलला. लाईटचं वाक्य राहिलं ते राहिलंच.

घरी आल्यावर गाडी मळू नये म्हणून मी पायाखाली तरटाचे दोन थर अंथरले. आठवडाभरातच दिव्यांचा चमत्कार सुरू झाला. प्रकाश मुकाट्यानं रस्त्यावर पडलेला असायचा, आणि एकाएकी उठून समोरच्या कडुलिंबाच्या शेंड्यावर जाऊन बसायचा. वाटेल तेव्हा पुन्हा खाली यायचा. मी काहीही करत नसे. आधी मी घाबरलो, मग मला अभिमान वाटू लागला. "ऑटोमॅटिक हाय," मी बाजारात सांगितलं. "मिलिटरीची गाडी असन." माणसं मुद्दाम पाहायला आली. मी त्यांना हसत हसत स्टेशनापर्यंत फिरवून आणलं, तर दिवे गाईसारखे गरीब. जाग्यावरून हलले नाहीत.

मग मी जीप करीम मिस्त्रीकडे नेली. त्यानं बल्ब बदलला, वायर तपासली, स्वतः चालवून आणली. काही नाही. मग म्हणाला, "आता तुम्ही चालवा, मी बाजूले बसतो." गल्लीच्या टोकापर्यंत मी त्याला ठेकेदारानं कसं फसवलं ते सांगितलं, आणि दिवे तीनदा वर-खाली झाले. करीम दिव्यांकडे न बघता खाली बघत होता.

"भाऊ, गाडीत काही खराबी नाही."

"मंग कोनात हाय? माझ्यात?"

"बोलू का? तुमचा पाय..."

"माझ्या पायाचं काय घेऊन बसला? मी काय लंगडून राहिलो? लाईटचं बघ."

करीमनं दुसरा बल्बही बदलला. (तो तोंड दाबून हसत होता. मला वाटलं खोकला आहे.)

अशा गाडीतून, कापसाच्या वेचणीच्या दिवसांत, आम्ही नवरा-बायको सौंसरला निघालो. आमच्या कुंदाला तिथल्या एका गुरुजींच्या मुलासाठी पाहून गेले होते. मध्यस्थ तो देवाजीच. पाहायला आले त्या दिवशी मी नेमका नागपूरला होतो, म्हणून गुरुजींना मी पाहिलेलं नव्हतं. बायकोनं पाहिलं होतं. आता त्यांचं घर बघायचं आणि पक्कं करायचं एवढंच उरलं होतं. कुंदा तोंडानं काही बोलली नव्हती, पण त्या दिवशी माझ्या सदऱ्याला तिनं स्वतः इस्त्री केली. एकदा करून झाल्यावर पुन्हा एकदा केली.

निघताना बायको म्हणाली, "अवो, आज तरी डोकं थंड ठेवजा."

"माझं डोकं थंडच असते," मी ओरडलो.

जामसांवलीच्या फाट्याजवळ येईपर्यंत अंधारून आलं. समोरून एक स्कूटर येत होती. नेमकं तेव्हाच बायकोनं विचारलं, "लाईट दुरुस्त झाला का नाही मंग?"

"कसा होईन? त्या नागपूरवाल्यानं मले फसवलं!"

'फसवलं' या शब्दाबरोबर दिवे उठले. समोरची स्कूटर उजेडात पांढरीफटक झाली, डुलली, आणि कडेच्या कापसाच्या पऱ्हाटीत शिरली.

मी गाडी थांबवून उतरलो. वावरातून एक मफलरवाले गृहस्थ उभे राहिले. लागलं नव्हतं, पण मफलरला जागोजागी कापूस चिकटला होता.

"लाईट डिपर करायला पाहिजे होता, भाऊ," ते शांतपणे म्हणाले.

आता इथे शहाण्या माणसानं माफी मागितली असती. मी म्हणालो, "तुमाले डोये नाहीत का? मोठा लाईट दिसला तं माणूस बाजूले होते, वावरात नाही जात. ऑटोमॅटिक हाय थो! समजत नसन तं स्कूटर कायले चालवता?"

बायकोनं मागून माझी बाही ओढली. "अवो, हे..."

"तू मधात बोलू नको."

तिनं बाही सोडली आणि पदर नाकापर्यंत ओढून घेतला. त्या गृहस्थांना तसंच सोडून आम्ही पुढे निघालो. वाटेत ती एकदा म्हणाली, "सांगू का?" मी म्हणालो, "काही सांगू नको." ती आज्ञाधारक बाई आहे, सोयीचं असेल तेव्हा.

सौंसरला गुरुजींच्या दारातच देवाजी उभा होता. "या, या भाऊ. अन् गुरुजी कोठी हायत? तुमालेच घ्यायले तं ते फाट्यावर गेले स्कूटरनं."

मी बायकोकडे पाहिलं. ती भिंतीकडे पाहत होती.

"मी सांगतच होते," ती भिंतीला म्हणाली.

पुढचा अर्धा तास मी कपातल्या चहाकडे बघत बसलो. सदऱ्याची इस्त्री अंगाला टोचत होती. मग फाटक वाजलं. गुरुजी वाकडं हँडल धरून स्कूटर ढकलत आत आले. मफलरवर कापूस तसाच. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि जीपसकट मला पोटात घ्यावं.

"नमस्कार," गुरुजी म्हणाले. "आपली ओळख झालीच हाय."

बाजारात ज्याचा आवाज तीन दुकानं पलीकडे जातो त्या माझ्या तोंडून एवढंच निघालं, "लाईटमध्ये... दोष हाय."

गुरुजी शाळेत विज्ञान शिकवत. "दोष असन तं शोधू," ते म्हणाले.

जीप अंगणात भिंतीसमोर उभी केली. मला आत बसवलं. इंजिन सुरू, दिवे सुरू. शेजारची माणसंही जमली. दिवे गप्प. गुरुजी दाराशी वाकून उभे राहिले.

"कधी होते असं?"

"काही नेम नाही जी."

"कोनाले दाखवलं?"

"त्या करीम मिस्त्रीले. त्याले काही समजत नाही!"

मागे कोणीतरी खुदकलं. मी गुरुजींच्या तोंडाकडे बघत होतो, भिंतीकडे नाही.

"अन् गाडी कोनाची घेतली?"

"नागपूरच्या ठेकेदाराची. चोर हाय थो! माझ्यासारख्याले बनवते म्हणजे काय?"

आता अंगण हसत होतं. वरच्या गॅलरीतून गुरुजींची म्हातारी आई म्हणाली, "अरे बापू, त्याले सांग, चोर एकदाच म्हण, माह्या डोयात उजेड येते."

गुरुजींनी वाकून तरट उचललं. खाली, क्लचच्या डाव्या बाजूला, एक गोल लोखंडी बटण होतं.

"हा डिपर," ते म्हणाले. "पायानं दाबाचा असते. तुमी रागावले का डावा पाय आपटता."

मी पायाकडे पाहिलं. तो माझाच होता.

"गुरुजी," बायको हळूच म्हणाली, "पोरीचं काय मंग?" त्या आवाजात कुंदानं दोनदा फिरवलेली इस्त्री होती. मी स्टिअरिंग घट्ट धरलं.

गुरुजी मफलरवरचा कापूस एकेक वेचत राहिले. मग म्हणाले, "पोरगी पसंत हाय. बापाचं म्हणाल तं याच्या पोटात काही राहत नाही, थेट भिंतीवर दिसते. अशा माणसाशी सोयरीक बरी. एकच अट, वरातीत जीप देवाजी चालवन."

मी हात जोडले. "फाट्यावर जे बोललो..." मी सुरुवात केली, आणि माझंही वाक्य अर्धवटच राहिलं.

देवाजी मात्र अजूनही पोट धरून हसत होता. आता मला राहवलं नाही. "तू कायले हसून राहिला रे?"

"गुरुजीले शोधा लागलं म्हणून," तो डोळे पुसत म्हणाला. "आमाले तं दहा वर्षांपासून मालूम हाय. भाऊ सौद्याले बसले का आमी 'नाही, नाही' म्हणत राहतो. पाय आपटला का समजतो, याच्या वर भाव चढत नाही. मंग 'हो' म्हणतो."

माझ्या चेहऱ्यावरून भाव ओळखणारा माणूस खरोखरच जन्मला नव्हता. चेहऱ्याकडे कोणी बघतच नव्हतं.