विकायच्या गाडीचा पंप

दौंडच्या रेल्वे पार्सल ऑफिसात चांगदेव ओव्हाळांनी एकाचं सामान दुसऱ्याकडे पाठवण्यात उभी नोकरी घालवली. निवृत्त झाल्यावर एखादी तरी वस्तू आपल्या नावावर आणि आपल्या ताब्यात असावी, एवढीच त्यांची इच्छा होती. म्हणून फंडाच्या पैशातून त्यांनी एका डॉक्टरची जुनी डिझेल ॲम्बेसेडर घेतली. बायकोला, म्हणजे मायाबाईंना, शेजारी बसवून वेरूळ बघायला जायचं असा बेत होता. त्याला आता सहा वर्षं झाली होती. वेरूळ अजून जागच्या जागी होतं.

आरसी बुकावर नाव चांगदेवांचं होतं, पण गाडी वस्तीची होती. वस्तीतली ती पहिली चारचाकी. सगळे तिला 'आपली गाडी' म्हणत. ते लबाडीनं म्हणत असते तर भांडता आलं असतं. पण ते कौतुकानं म्हणत. नवरी आणायला आपली गाडी, ससूनला न्यायला आपली गाडी, चौदा एप्रिलला मिरवणुकीच्या पुढे आपली गाडी, पहिल्या गिअरमध्ये, संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत. जाईबाईच्या सुनेला घेऊन निघाले, तर ती यवतच्या अलीकडे ढाब्यासमोर मागच्या सीटवरच मोकळी झाली. मुलाचं नाव मोठ्या थाटात सम्राट ठेवलं. सीट कव्हर चांगदेवांनी बदललं.

एकदा त्यांनी क्लच गेल्याची थाप मारून बघितली. अर्ध्या तासात निम्मी वस्ती ढकलायला हजर. त्या दिवशी त्यांना ढकलगाडीत बसून गॅरेजपर्यंत जावं लागलं आणि धड असलेल्या क्लचचं काय बिघडलंय हे मेकॅनिकला समजावून सांगावं लागलं. लग्नाच्या पत्रिका त्यांना वेळेवर येत. पण मांडवात त्यांचं जेवण शेवटच्या पंगतीला, किल्ली हातात धरून, कारण कधी कुणाला स्टेशनवर सोडायचं निघेल याचा नेम नसे.

म्हणून त्यांनी गाडी विकायची ठरवली. तेव्हा रांजणगावची एमआयडीसी नुकती भरायला लागली होती, आणि ज्याच्याकडे म्हणून गाडी होती तो ती कंपनीला भाड्यानं लावायच्या मागे होता. शिरूरचे बापूसाहेब बागायतदार. त्यांना साहेब लोकांच्या ने-आणीसाठी ॲम्बेसेडर हवी होती. एका ओळखीच्या माणसामार्फत बोलणं झालं, आकडा ठरला. गुरुवारी गाडी बघायची, पैसे द्यायचे, किल्ली घ्यायची. चांगदेवांनी हे फक्त बायकोच्या कानावर घातलं.

"वस्तीला काय सांगणार?" मायाबाईंनी विचारलं.

"परवडत न्हाई म्हणून सांगीन."

"आन् मला?"

"तुला वेरूळ दाखवीन."

"कशानं?"

"एसटीनं," चांगदेव म्हणाले. मायाबाईंनी भाकरी थापली, जरा जोरात.

गुरुवारी सकाळी ते किल्ली घेऊन बाहेर आले, तर मागच्या सीटवर धुरपदा मावशी गाठोडं मांडीवर घेऊन बसलेली.

"कुणीकडं रं चांगदेवा?"

"शिरूरला. घाईत हाय, मावशी."

"मग मी काय हळू बसलेय व्हय? केडगावात सोड. वाटंवरच हाय."

केडगाव वाटेवर होतं, याला काही इलाज नव्हता. चांगदेव पुढे बसले. पाटस मागे पडेपर्यंत मावशी खिडकीतून उसाकडे बघत होती, मग दारावरून हात फिरवत म्हणाली, "हिचा आधार हाय बग समद्यांना. रातीअपराती जीव टांगणीला लागत न्हाई. तुझी गाडी, तुला न्हाई कळायचं त्ये."

चांगदेवांनी समोरच्या ट्रॅक्टरला उगीचच हॉर्न दिला. केडगावला उतरताना मावशी म्हणाली, "आमच्या शितलला बघाया पावणे यायचेत पुढल्या ऐतवारी. आत्ताच सांगून ठिवते, मागनं म्हणशील सांगितलं न्हाई."

"बरं," चांगदेव म्हणाले. विकणाऱ्यानं यापेक्षा जास्त काय म्हणावं?

न्हावरे ओलांडलं आणि बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. त्यांनी गाडी कडेला घेतली, रेडिएटर निवेपर्यंत बाभळीखाली उभे राहिले, एका शेतातल्या पाइपाखाली कॅन भरून पाणी ओतलं. ओतलेलं पाणी खालून मातीत उतरत गेलं. असं ओतत, थांबत, पुन्हा ओतत ते दुपारपर्यंत शिरूरला पोहोचले आणि नगर रस्त्यावरच्या पहिल्या गॅरेजात शिरले.

गॅरेज नवनाथ मिस्त्रीचं होतं. त्यानं पंख्याचं पातं धरून हलवलं. पातं दातासारखं हललं.

"वॉटर पंप गेलाय, आप्पा. बेरिंग संपलंय, सील फाटलंय. इंजिनात पाणी फिरवणारा ह्योच, आन् ह्योच पाणी भायेर टाकतोय."

चांगदेव चहा सांगायला रस्त्यापलीकडे गेले. परत आले तेव्हा रेडिएटर भिंतीला टेकवलेला होता, पंखा आणि पट्टा टायरवर ठेवलेले होते आणि पंप वर्तमानपत्रावर पालथा पडला होता.

"अहो मिस्त्री, आधी खर्च तर सांगायचा!"

"खोलल्याबिगर खर्च कसा सांगू?"

"आणि खोलल्यावर मी जाणार कुठं?"

"म्हून तर खोलतो," नवनाथ म्हणाला आणि मनापासून हसला. त्याच्या धंद्यात एवढं तरी खरं बोलणारा दुसरा मिळाला नसता.

खोललेल्या गाडीचा मालक गाडीपेक्षा जास्त अडकलेला असतो. ती निदान जॅकवर असते. चांगदेवांनी एसटीडी बूथवरून बापूसाहेबांना फोन केला की थोडा उशीर होतोय, किरकोळ काम निघालंय. बापूसाहेब म्हणाले, कशाला धावपळ, मीच येतो गॅरेजवर.

नवनाथनं हिशोब मांडला. जुन्याच पंपात नवं किट बसवायचं, म्हणजे बेरिंग, शाफ्ट आणि सील, तर काम दोनशेच्या आत. आख्खा पंप लोकल घ्यायचा तर चारशे. ओरिजिनल साडेनऊशे. मजुरी तिन्हीला सारखीच, कारण खोलणं आणि लावणं तेवढंच.

"किट किती टिकंल?"

"नशीब आसंल तर साल. नसंल तर दिवाळी."

"आणि लोकल?"

"लोकलचं काय, एखादा जलमभर चालतो, एखादा बसवता बसवता गळतो. डब्यावरनं कळत न्हाई. आप्पा, गाडी ठिवायची का विकायची?"

"विकायची."

"मंग इचार कसला करता? किट मारू. बापूसाहेबांच्या दारात जाईस्तोवर चालली की बास. विकायच्या गाडीला ओरिजिनल टाकल्यालं मी तरी बघितलं न्हाई."

सल्ला रास्त होता. दोनशे रुपयांत चांगदेव सुटत होते. ते पार्ट्सच्या दुकानाकडे निघाले तेच मुळी किट आणायला.

पण वाटेत त्यांना रांजणगाव दिसायला लागलं. कंपनीच्या गेटसमोर वाफाळलेली पांढरी गाडी, मागे बसलेला साहेब, आणि बापूसाहेबांचं तोंड. त्या तोंडातून 'चांगदेवनं फसवलं' एवढंच निघालं असतं तर त्यांची हरकत नव्हती. पण ते तेवढ्यावर थांबणार नव्हतं. पार्सल ऑफिसात कुलकर्ण्याच्या हातून गाठोडं हरवलं की कुलकर्ण्याचं चुकलं म्हणत. चांगदेवांच्या हातून हरवलं की 'त्या लोकांना' जमत नाही म्हणत. तीस वर्षं त्यांनी एकही गाठोडं हरवू दिलं नव्हतं, ते रेल्वेच्या प्रेमापोटी नव्हे.

दुकानदारानं काउंटरवर तिन्ही वस्तू ठेवल्या. किट प्लॅस्टिकच्या पिशवीत, लोकल पंप साध्या पुठ्ठ्यात, ओरिजिनल चकचकीत डब्यात, वर चमकणारा स्टिकर.

"ओरिजिनल द्या," चांगदेव म्हणाले.

वस्तीच्या तावडीतून सुटायला निघालेला माणूस वस्तीच्याच नावासाठी पंप घेतोय, हे त्यांच्या ध्यानात आलं. पण तोवर दुकानदारानं बिल फाडलं होतं.

नवनाथनं नवा पंप बसवला, नवं पॅकिंग घातलं, पट्टा ताणला आणि रिवाजाप्रमाणे जुना पंप नव्याच्या रिकाम्या डब्यात घालून चांगदेवांच्या हातात दिला. मिस्त्रीनं काम खरंच केलं याचा तो पुरावा. चांगदेवांनी डबा पुढच्या सीटवर ठेवला, बापूसाहेबांना सहज दिसेल असा.

तो त्यांना सहज दिसला.

बापूसाहेब बुलेटवरून आले. टायरला लाथ मारली, दारं उघडून लावून बघितली, रस्त्यावर एक फेरी मारली. परत आले ते खुशीत होते. मग त्यांनी डबा उचलला.

"हे काय?"

"वॉटर पंप गेला होता, येताना कळलं. नवा टाकलाय, ओरिजिनल. जुना आत आहे, बघून घ्या. तुमच्यापासून लपवायचं काही नाही."

बापूसाहेबांनी जुना पंप बघितला नाही. ते चांगदेवांकडे बघत होते.

"चांगदेवराव, मी आजवर बऱ्याच गाड्या घेतल्या. टायरला काळं पॉलिश लावलेलं बघितलं, मीटर मागं फिरवलेला बघितला. विकायच्या गाडीला नवा ओरिजिनल पंप टाकलेला आजच बघतोय. आता खरं सांगा, झालंय काय?"

"पंप गेला होता."

"ते कळलं. पण टाकला का?"

"गेला होता म्हणून."

"तापून इंजिनाचं हेड गेलंय का?"

"नाही हो."

"मग एवढा खर्च कोण करतं?"

नवनाथ हात पुसत पुढे आला. "बापूसाहेब, म्या सोता खोललंय. इंजिन वक्के हाय."

"मजुरी कुणी दिली तुला?"

"ह्यांनी."

"मग तू गप बस."

चांगदेवांना एक गोष्ट हळूहळू उमगत गेली. किट टाकून गप्प राहिले असते तर आत्ता ते गाडीचे पैसे घेऊन एसटी स्टँडवर उभे असते.

बापूसाहेब माणूस वाईट नव्हता. त्यानं थोडा विचार केला, बंडीच्या खिशावर हात ठेवला आणि म्हणाला, "निम्म्यात देता? हेडचा धोका माझा. आत्ता, रोख."

सकाळी केडगावला मावशी उतरली तेव्हा कुणी विचारलं असतं, तर चांगदेवांनी गाडी फुकटसुद्धा दिली असती. पण आता निम्म्यात देणं म्हणजे हेड गेलं होतं असं कबूल करणं. साडेनऊशे रुपये मोजून जे नाव त्यांनी राखलं होतं, ते वस्तीच्या तावडीतून सुटण्यासाठी निम्म्या किमतीत सोडायचं. शिवाय गाडी खरोखरच उत्तम झाली होती. एवढ्या चांगल्या गाडीला असा भाव कोण घेईल?

"नाही," चांगदेव म्हणाले.

"बघा बुवा. कंपनीला गाडी सोमवारी लावायचीय, मी दुसरी बघतो."

"बघा."

बुलेट निघून गेली. नवनाथ डोकं खाजवत म्हणाला, "आप्पा, म्या सांगितलं हुतं."

"तुम्ही बरोबर सांगितलं होतं, मिस्त्री."

"पर गाडीला आता धा वर्सं बघायला नगं."

हे त्यानं धीर द्यायला म्हटलं.

चांगदेव गाडीत बसले आणि न्हावऱ्याच्या रस्त्याला लागले. ऊन उतरलं होतं, इंजिन गोड आवाजात चाललं होतं. डॅशबोर्डवर तापमानाचा काटा होता. डॉक्टरच्या काळापासून तो लाल पट्टीच्या आसपास घुटमळत असे, आज मध्यावर येऊन थांबला होता. चांगदेव रस्त्याकडे कमी आणि त्याच्याकडे जास्त बघत होते. चढाला गाडी मुद्दाम दुसऱ्या गिअरमध्ये ओढली, तरी तो हलला नाही. पारगावचा पूल आला, भीमेचं पाणी मागे गेलं. काटा मध्यावरच होता. या गाडीनं वेरूळसुद्धा गाठता आलं असतं, पण पुढल्या रविवारी शितलचे पाहुणे होते.