बिरोबाचं निशाण आणि कायद्याचे मास्तर

पंचाक्षरी मास्तरांचं नाव निघालं की माझे हात आपसूक जोडले जातात. सोलापुरात घराच्या सोप्यात वकिलीच्या परीक्षेची पोरं बसवून त्ये कायदा शिकवायचे. सोता कधी कोर्टात जायचे न्हाईत. आवाज असा बारीक, की माझं शेरडू बरं.

तीस साली शहरात लष्करी कायदा लागला. झेंडा धरला की सरळ तुरुंग. आमाला रानात काय ठावं? माझा मालक बिरदेव बिरोबाचं पिवळं निशाण खांद्यावर घेऊन जत्रंला निघाला, ते शहरातनंच. शिपाई म्हनला, खाली ठेव. आमच्यात उचललेलं निशाण देवळाबिगर भुईला टेकवत न्हाईत. ह्यो येडा हटून बसला, आन धरला गेला!

मी वकिलांचे उंबरे झिजवले. समदे भ्यालेले. शेवटी एकानं मास्तरांचं घर दाखवलं. मी दारातच भांडाय लागले, "पोरान्ला शिकिवता त्यो कायदा मेला काय वो?"

पोरं मास्तरांच्या तोंडाकडं बघत हुती. मग त्यांनी पगडी उचलली.

"चल बाई. आज आलो नाही, तर उद्या ह्यांना कुठल्या तोंडानं शिकवू?"

गोऱ्या साहेबापुढं त्यांचा बारीक आवाज आनखीच बारीक झाला. पर म्हनले, "हुकूम वाचून दाखवा." हुकमात बंदी काँग्रेसच्या झेंड्याला हुती. "मग देवाच्या निशाणाला कुठं आहे? आणि ह्या माणसाला कुणी काही विचारलं तरी का?" सायब लालबुंद झाला, टेबलावर मूठ आपटली. मास्तर जागचे हलले न्हाईत. तवा कुटं बिरदेवाला इचारलं, त्यानं देवाचं समदं सांगितलं. सांजंला सुटला, निशाणासकट!

मी नवंकोरं घोंगडं घेऊन गेले. मास्तर घेईनात. मला राग आला. "मग काय देऊ तरी?"

"बाळाबाई, उद्या तुझ्या हाती एखादा चोर सापडला, तर मारायच्या आधी त्याचं म्हणणं ऐकून घे. तेवढंच दे."

"अगं आई! मास्तर, घोंगडंच घ्या की वो, त्ये सोपं हाय." लई हसले, पर घेतलं न्हाईच.

त्यांच्या उपकाराला माझं कातडं बी पुरायचं न्हाय. परवा माझं कोकरू चोरताना वाडीतला ज्ञानबा घावला. बिरदेवानं काठी उगारली. माझेच हात शिवशिवत हुते, मेल्याचं डोस्कं फोडावं वाटलं. तरी मी मधी पडले आन म्हनलं, "थांबा. आदी त्याला बोलू द्या."