पुन्हा नाकापासून

विमानाभोवती फेरा चालू असताना कुणी बोललं, की नाना उजवा हात वर करायचे, मागे वळून पुढच्या चाकापाशी जायचे आणि म्हणायचे, "परत नाकापासनं."

आमच्या क्लबचं विमान म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर येतं तसलं विमान नव्हे. तीन चाकांची उघडी गाडी, वर जाड कापडाचा त्रिकोणी पंख, एकामागे एक अशा दोन खुर्च्या, आणि सगळ्यात मागे इंजिन आणि प्रोपेलर. कागदावर तिचं नाव मायक्रोलाइट. हायवेवरून जाणारे ट्रकवाले तिला उडती रिक्षा म्हणत. उड्डाणाआधी नाना (आम्ही सगळे त्यांना नानाच म्हणायचो आणि इथंही तेवढंच पुरे) पुढच्या चाकापासून सुरुवात करून प्रत्येक बोल्ट, प्रत्येक तार हाताने चाचपत पूर्ण फेरा घेत. "डोळा फसतो, गुरुजी. बोट फसत न्हाय." मधे कुणी आवाज दिला की झालेला सगळा फेरा रद्द.

एकदा एक पुढारी आले. मिरवणुकीवर वरून फुलं टाकून हवी होती. नाना मागच्या चाकापर्यंत पोचले होते. पुढारी म्हणाले, "नमस्कार." नाना नाकापाशी गेले. पुढारी म्हणाले, "किती वेळ लागेल?" नाना पुन्हा नाकापाशी. मग त्यांचा एक माणूस पुढे झाला, "अहो, साहेब आलेत!" तेव्हा नाना प्रथमच बोलले, "साहेबांना म्हणावं, आजून एकदा बोलला तर ऊन चढंल, वारा सुटंल. मग म्या बी न्हाय आन् फुलं बी न्हाईत." साहेब पंचवीस मिनिटं लिंबाखाली गप्प बसले. मतदारसंघाने त्यांना इतका वेळ गप्प कधी पाहिलं नसेल. फेरा संपल्यावर नानांनी त्यांना प्रोपेलर दाखवला. "फुलं वरनं खाली जात न्हाईत, साहेब. आधी मागं जात्यात. मागं हे हाय." मिरवणूक फुलांविना झाली.

नानांना जाऊन आठ महिने झाले. छातीत दुखलं आणि उमरग्याच्या दवाखान्यात पोचायच्या आत सगळं आटोपलं. विमानाचा त्यात काही संबंध नव्हता. हे सांगावं लागतं, कारण अजून लोक मला तेच विचारतात. शेवटची दोन वर्षं ते उडतच नव्हते. जमिनीवर बसून शिकवत होते. का उडत नव्हते, ते मला ठाऊक आहे. तेच लिहायचं आहे.

नाना जळकोटकडचे, शेतकरी घरातले. वीस वर्षं हवाई दलात इंजिनं दुरुस्त केली. "दुसऱ्यांची इमानं धुतली, पुसली, वर धाडली. आमी खाली." पेन्शन बसल्यावर, पन्नाशीत, दक्षिणेकडे कुठंतरी जाऊन उडायला शिकले आणि जुनं मायक्रोलाइट ट्रकवर घालून घेऊन आले. पडीक रानात मुरूम टाकून धावपट्टी केली. परवानगीचा अर्ज लिहायला कुणीतरी हवं होतं, म्हणून तुळजापूरला माझ्या घरी आले. मी शाळेत मराठी शिकवतो. विमानाशी माझा संबंध पुस्तकातल्या चित्रांपुरता. "अर्ज असा लिवा, गुरुजी, की वाचता वाचता साहेबाचे पाय टेबलाखाली जमिनीवरनं सुटले पायजेत."

साहेबांचे पाय सुटले की नाही माहीत नाही, पण दीड वर्षाने परवानगी आली. तोवर मी दर रविवारी पहाटेच्या एसटीने तिथं जाऊ लागलो होतो. मला एक खुर्ची मिळाली, एक वायरलेस मिळाला आणि एक रजिस्टर मिळालं. कोण किती वाजता उडालं, किती वाजता उतरलं, शेवटच्या रकान्यात शेरा. धावपट्टीवर कुत्रं, माणूस, जनावर आलं तर वायरलेसवर सांगायचं. एवढंच माझं काम. दहा वर्षं केलं. स्वतः मात्र कधी बसलो नाही. नानांनीही आग्रह केला नाही. "खाली बी शाना माणूस लागतोय."

आता त्या रविवारचं.

हिवाळा संपत आला होता. नाना एकटेच वर गेले होते आणि उतरायला येत होते. विमान जमिनीपासून दोन पुरुष उंच असेल. डावीकडच्या बांधावरून एक म्हैस निघाली आणि संथपणे धावपट्टीवर आली. मी वायरलेसवर ओरडलो, "नाना, म्हैस! डावीकडं म्हैस!" विमान सरळच आलं. मी पुन्हा ओरडलो. अगदी शेवटी त्यांनी पंख हलवायचा दांडा पुढे ढकलला, विमान एक उडी मारल्यासारखं वर झालं आणि म्हशीच्या पाठीवरून पुढे जाऊन उतरलं. म्हैस जरा दचकली आणि चालत राहिली.

नाना हेल्मेट काढत आले.

"एवढं आरडायला काय झालं? दिसली व्हती की मला."

मी त्यांच्याकडे पाहिलं. तुम्हीही एखाद्याला इतकी वर्षं जवळून पाहिलं असेल तर तुम्हाला कळतं. त्यांना ती दिसली नव्हती. मग मागचं एकेक आठवू लागलं. डाव्या हाताशी ठेवलेला चहाचा कप त्यांनी महिन्याभरात दोनदा सांडला होता. डावीकडून हाक मारली की कोंबड्यासारखी सगळी मान वळवत. विमान तपासताना त्यांना डोळ्यांची गरजच पडत नव्हती, म्हणून बाकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात मी लिहिलं, "लँडिंग ठीक." नानांनी वाचलं आणि खाली सही केली.

माझा धीर झाला नाही. त्यांना काय सांगणार होतो? वीस वर्षं खाली राहिलेल्या माणसाला, आता पुन्हा खाली राहा? आपला भ्रम असेल, असं मी मला समजावत राहिलो. त्यानंतरच्या तीन रविवारी ते तीन पाहुण्यांना मागच्या खुर्चीत बसवून वर गेले. पहिला उमरग्याच्या एका दवाखान्यातला कंपाउंडर. दुसरे आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीचे एक शेतकरी, क्लबचे सभासद. तिसरी जळकोटची एक मुलगी. ती बँकेच्या परीक्षेत पास झाली म्हणून तिच्या वडिलांनी हौस केली होती. तिन्ही वेळा विमान उतरेपर्यंत मी धावपट्टीची डावी बाजू धरून बसलो होतो. वायरलेसचं बटण दाबून दाबून अंगठ्याला वळ उठला. तिन्ही वेळा काही झालं नाही. तिन्ही वेळा मी लिहिलं, ठीक.

चौथ्या रविवारी माझी बायको बसणार होती.

तिने कित्येक वर्षं धोशा लावला होता. पदर प्रोपेलरमध्ये जाईल म्हणून साडी चालणार नव्हती, तर मुलीचा पंजाबी ड्रेस घालून आली होती आणि लाजून सारखी ओढणी शोधत होती. नाना म्हणाले, "वहिनी, ओढणी न्हायच. केस बी टोपीत घाला. आज तुमाला आईचं देऊळ वरनं दावतो." आणि फेरा सुरू केला.

ते पंखाच्या टोकाशी पोचले तेव्हा मी म्हणालो, "नाना, वारा वाढलाय का?"

त्यांनी हात वर केला. "परत नाकापासनं."

दुसऱ्यांदा ते इंजिनापाशी होते. मी विचारलं, "पेट्रोल पुरेल ना?" पुन्हा हात. पुन्हा नाक. बायकोने माझ्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. मला फक्त वेळ काढायचा होता. ऊन चढेल, वारा सुटेल, आणि ते आपणहून म्हणतील, आज न्हाय. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी खांबावर निपचित लोंबत होती. तिसऱ्या वेळी ते शेवटच्या चाकाशी आले. बायको खुर्चीत बसली होती, पट्टा बांधून. मला बोलायला काहीच सुचेना, मी नुसतंच "नाना" म्हणालो.

त्यांनी हात वर केला नाही. तिथंच उभे राहिले.

"गुरुजी, आज लई बोलायलाव. काय हाय?"

"नाना, ती म्हैस तुम्हाला दिसली नव्हती."

मग नानांनी उजवा डोळा तळहाताने झाकला आणि धावपट्टीकडे तोंड केलं.

"वाऱ्याची पिशवी कुठं हाय?"

ती समोरच होती. नारिंगी-पांढरी, माणसाएवढी लांब. मी म्हणालो, "समोर."

त्यांनी मान इकडे वळवली, तिकडे वळवली. हात खाली केला.

"वहिनी, उतरा."

ती काही न विचारता उतरली. नाना माझ्याजवळ आले. आवाज चढवला नाही, तो त्यांनी कधीच चढवला नाही.

"म्या तर लबाडच. म्हैस दिसली न्हवती. तुमच्या आरडण्यावरनं कळलं. पर गुरुजी, मागल्या तीन ऐतवारी तिघं बसले माझ्या मागं. ती कुणाची न्हवती व्हय?"



सोलापूरला डोळे तपासले. काचबिंदू निघाला, डावा डोळा जवळजवळ गेलेला. नाना परत आले ते माझ्या दारात. "चला. तिघांच्या घरी जायचंय." मी म्हणालो, झालं ते झालं, कुणाला काही इजा झाली नाही. ते चप्पल न काढता उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. शेवटी मी पिशवी घेतली.

उमरग्याचा कंपाउंडर हसला. "नाना, मोटारसायकलीवर मला तरी कुठं दिसतंय!" नाना हसले नाहीत. वाशीच्या शेतकऱ्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला, बांधापर्यंत पोचवायला आले, आणि नंतर क्लबला कधी आले नाहीत.

शेवटी जळकोट. मुलीचे वडील घरी होते. नानांनी उभ्यानेच सांगितलं, "मला डाव्या डोळ्यानं दिसत न्हवतं. मला वाटत व्हतं काय तरी बिघडलंय. तरी तुमच्या लेकीला वर नेलं. माफी मागायला आलाव." वडिलांनी आत हाक मारली, "अगं, भायेर ये. ऐक हे काय म्हनायलेत." आई आली. तिच्यामागून मुलगीही आली.

"आन् काय झालं असतं तर?" आई म्हणाली.

"म्हणून तर आलाव, बाई."

मग नाना गप्प झाले. मला वाटलं, संपलं. पण ते निघेनात. माझ्याकडे पाहतही नव्हते, नुसते उभे होते. मग मला कळलं की माझं वाक्य राहिलं आहे. आधीच्या दोन्ही घरी मी ते त्यांच्याआड उभं राहून टाळलं होतं.

"मला ठाऊक होतं," मी म्हणालो. "मी बोललो नाही."

आईने माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुमी तुळजापूरचे गुरुजी न्हवं? माज्या भावाची पोरं तुमच्याकडं शिकायलीत की."

मी मान हलवली. कुणी बसा म्हणालं नाही. मुलगीच मधे बोलली, "नाना, मला परत बसायचंय. तुमच्यासंगं न्हाय, दुसऱ्या कुणासंगं." आईने तिच्या पाठीत एक धपाटा घातला. नानांच्या ओठाचा कोपरा जरासा हलला, तेवढाच.

आम्ही बाहेर पडलो. दिवस मावळत आला होता. माझी तुळजापूरची एसटी हायवेच्या पलीकडे थांबते, नानांचं शेतही पलीकडेच. अर्धा रस्ता ते आपले आपण ओलांडून आले, उजवीकडे बघत, माझ्यापुढे दोन पावलं. डिव्हायडरवर थांबले. आता गाड्या डावीकडून येणार होत्या. इतकी वर्षं मी त्यांना वाट दाखवली ती वायरलेसवरून, लांबून. आता ते माझ्या शेजारी उभे होते आणि मान वळवत नव्हते. समोर बघत म्हणाले, "सांगा, गुरुजी."

"थांबा," मी म्हणालो.

उसाचा ट्रक गेला. त्यामागून एक टँकर, मग सोलापूरकडे जाणारी बस. तिच्या वाऱ्याने त्यांचं धोतर पायांना चिकटलं. मधे एकदा रस्ता रिकामा वाटला, पण लांबवर दिवे होते आणि मला अंतराची खात्री नव्हती. नाना तसेच उभे राहिले. मी "चला" म्हणेपर्यंत त्यांनी पाऊल उचललं नाही.