हॉर्नचा फ्यूज काढलेला होता

इथले भुताखेतांचे अनुभव मी दुपारच्या चहाबरोबर वाचते, ते हसायला. महाडच्या एका शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे कुणी पांढऱ्या साडीतली बाई पाहिली म्हटलं की माझा पहिला प्रश्न — तिथे दिवा किती वॉटचा होता? तर आता हसायची पाळी तुमची. घडलं तसं लिहिते.

माझं माहेर कुडपण, पोलादपूर तालुक्यात, पार डोंगरावर. बाबा कुडपण–पोलादपूर जीप चालवायचे. दोन वर्षांपूर्वी ते गेले आणि आईनं गाव सोडणंच बंद केलं. "त्यांच्याबिगर मी कुठल्या गाडीत बसायची नाय," हे एकच पालुपद. इकडे तिचा मोतीबिंदू पिकत चाललेला. एका डोळ्यानं जवळजवळ काहीच दिसत नव्हतं आणि दुसऱ्याबद्दल डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं — आणखी उशीर केलात तर माझ्या हातात काही राहणार नाही. दोनदा तारीख घेतली, दोनदा तिनं ऐनवेळी माघार घेतली. या श्रावणात तिसरी तारीख मिळाली. मी स्वतः गाडी घेऊन वर गेले आणि रडून, भांडून, शेवटी अबोला धरून तिला एकदाची गाडीत बसवली.

सकाळचे अकरा वाजले असतील, पण धुकं असं की बॉनेटच्या पुढचं दिसेना. गाव सुटलं, सर जोरात आली म्हणून वायपर लावला. रात्रभर गाडी झाडाखाली होती, वायपरमध्ये एक ओली फांदी अडकली होती, ती मी घाईत पाहिलीच नव्हती. वायपर जागच्या जागी कण्हला आणि बंद पडला.

"बघ, त्यांना पसंत नाय," आई म्हणाली. "मागं फिरव गो."

"त्यांना नाही, फ्यूजला पसंत नाही!" मी खेकसले. कारण मला माहीत होतं, आज मागे फिरले तर ती पुन्हा डोंगर उतरणार नाही आणि तिचे डोळे जातील.

फांदी काढून टाकली. स्टिअरिंगखालचं झाकण उघडलं, त्याच्या मागचा तक्ता मोबाइलच्या उजेडात वाचला आणि वायपरचा फ्यूज उपटला. निळा, पंधरा अँपिअरचा, आतली तार तुटलेली. पण जादाचे फ्यूज ठेवायच्या खाचा रिकाम्या! बाबांच्या जीपमध्ये काड्यापेटीत कायम चार फ्यूज असायचे... आणि मी त्यांची मुलगी.

मग मी ते केलं, जे घाटात कुणी करू नये. हॉर्नचा फ्यूजही निळा, पंधराचाच. तो काढला आणि वायपरला लावला. वायपर फिरायला लागले. म्हटलं, हॉर्नवाचून काय अडतंय? पोलादपूरला नवा घेऊ.

थोडं पुढे ते वळण आहे. एका वेळी एकच गाडी मावेल, एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. बाबा तिथे हॉर्न द्यायचे — दोन आखूड, एक लांब. वर येताना तो ऐकू आला की आई चुलीवर भात ठेवायची. मी तिथे पोचले, सवयीनं हॉर्न दाबला. अर्थातच काही नाही. पहिल्या गिअरवर सरकत वळले... आणि समोर दहा हातांवर चिऱ्यांनी भरलेला पिकअप, कड्याला चिकटून उभा.

ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं. "ताई, हॉर्न दिलात ते बरं झालं. मी चढाला जोरात घेतली होती. सरळ अंगावर आलो असतो."

"मी हॉर्न नाही दिला."

"दिलात की! दोन बारके नि एक लांब. म्हणून तर दाबून घेतली."

माणूस माणगावकडचा, या रस्त्याला पहिल्यांदाच आलेला. बाबांना तो कुठून ओळखणार? मी पुन्हा हॉर्न दाबून पाहिला. काही नाही. खाली वाकून झाकण उघडलं, हॉर्नची खाच रिकामीच होती.

"आई, तू ऐकलंस काही?"

"म्हंजे? तू नाय ऐकलंस?" तिनं पदर सारखा केला. "चल आता, उशीर होल." त्यानंतर मागं फिरव म्हणून ती एकदाही बोलली नाही.

पोलादपूरच्या इलेक्ट्रिशियननं हॉर्नची रिकामी खाच बघितली, माझी हकिगत ऐकली आणि मलाच विचारलं, "बिगर फ्यूज वाजल कसा, मॅडम?" गावात चौकशी केली. त्या सकाळी दुसरी कुठलीच गाडी त्या रस्त्यावर नव्हती. प्रतिध्वनी म्हणावं, तर मुळात आवाजच नव्हता. शाळेच्या फळ्यावर ते सर्किट मी तीनदा काढलं. दर वेळी हॉर्नची तार त्या रिकाम्या खाचेपाशी तुटते. तुम्हाला काही सुचलं तर सांगा, मला सुचत नाही.

ऑपरेशन छान झालं. महिन्यानं आईला घरी सोडायला निघाले, तेव्हा डॅशबोर्डमध्ये मी काड्यापेटी ठेवली होती, आत चार फ्यूज. ते वळण आलं तशी ती म्हणाली, "थांबव जरा."

खिडकीतून तिनं दरी पाहिली, कडा पाहिला, लांबवर दिसणारी घराची कौलं पाहिली.

"आता तू दे गो हॉर्न. त्यांच्यासारखा. कळूं दे त्यांना, मला दिसतंय."

मी दिला. दोन आखूड, एक लांब.