विहिरीतली बाभूळ

नामदेव गेल्याचा फोन एका सकाळी आला. त्याचा मुलगा म्हणाला, "काका, आबा गेले." मी म्हणालो, "बरं." बरं! जिवाभावाचा माणूस गेल्यावर कुणी बरं म्हणतं का? पण मी जन्माचा भित्रा. भ्यालो की तोंडातून भलतंच निघतं, नाहीतर काहीच निघत नाही. दीड महिना झाला आता. लिहायला बसलोय ते या दुसऱ्या प्रकाराबद्दल... काहीच न निघण्याबद्दल.

धावडा गावात माझं आणि नामदेवचं शेत बांधाला बांध लागून. हैदराबाद संस्थानातले दिवस, आम्ही दोघं विशीतले. नामदेव कापूस घेऊन जालन्याच्या जिनिंगमध्ये गेला आणि तिथला सुतार उभ्यानं, टेबलावर लाकूड आवळून रंधा मारताना पाहून आला. झालं! तसलं टेबल करायचं त्याच्या डोक्यात बसलं. आमच्याकडं सुतार जमिनीवर बसून, पायानं लाकूड दाबून काम करायचा. त्यामुळं गावानं याची भरपूर टर उडवली. यानं बांधावरची बाभूळ तोडून आठ दिवसांत टेबल उभं केलं. ऊन तापलं तशी ओली लाकडं आटली, सांधे सुटले, आणि रंध्याबरोबर टेबलही पुढं सरकायला लागलं. गावचे सुतार करीमचाचा ते हलवून म्हणाले, "बेटा, टेबल हाये का पाळणा? बाभूळ आधी पाण्यात मुरव, मंग सावलीत वाळव. जल्दी बिलकुल करू नको." मग नामदेवनं दुसरी बाभूळ पाडली. एक जाड फळी आणि चार पाय कापून, प्रत्येकाला दगड आणि दोर बांधून शेतातल्या विहिरीत सोडले.

त्याच पावसाळ्यात दिवस वाईट आले. संस्थानाचे ते शेवटचे महिने. बंदूकवाली माणसं गावोगाव झडत्या घेत फिरायची, आणि ज्याच्या घरात हत्यार सापडेल त्याला फरफटत न्यायची. नेलेला परत येईलच असं नव्हतं. आमच्या घरात रानडुकरं हाकायची एक जुनी ठासणीची बंदूक होती. शेजारच्या गावात झडती झाल्याचं कळलं. भर दुपारी, विहिरीवर कुणी नसताना, मी ती नामदेवच्या एका लाकडाला सुतळीनं आवळून पाण्यात सोडून दिली. त्याला सांगितलं नाही. सांगायचंच होतं... उद्या सांगू, उद्या सांगू करत राहिलो.

तीन-चार दिवसांनी ते आले. विहिरीत दोर सोडल्याचं त्यांना कुणीतरी कळवलं होतं. नामदेव आणि मी तिथंच होतो.

"क्या छुपाया है?"

"लाकडं हायेत, साहेब. टेबलाची."

"निकाल सब!"

नामदेव ओढायला लागला. फळी आली. एक पाय आला, दुसरा आला. चौथा दोर ओढताना जास्तीचं वजन हाताला लागलं आणि तो थांबला. एक शब्द, फक्त एकच शब्द बोलायचा होता मला, "माझी"... तोही निघाला नाही. "गाळात अडकलंय, उतरावं लागतंय," म्हणत नामदेवनं बुडी मारली. किती वेळ वर आला नाही! मी देवाला काय मागितलं ते लिहायची लाज वाटते. माझं नाव निघू नये, एवढंच मागितलं. शेवटी तो धापा टाकत वर आला. बाकीचे दोन पाय ओढले, तर नुसतीच लाकडं. त्या माणसांनी बुटानं उलटीपालटी करून पाहिली, शिव्या दिल्या, आणि निघून गेले. नामदेवनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

वर्षभरानं, लाकडं वाळल्यावर, त्यानं टेबल केलं. बैल बांधला तरी हललं नसतं! मी दर आठवड्याला जायचो. तो रंधा मारायचा, मी फळी धरायचो. सुरुवातीला ते प्रेम नव्हतं, भ्या होतं... हा आज बोलेल, उद्या बोलेल. तो कधीच बोलला नाही. आमचे केस पिकले तरी नाही.

यंदा थंडीत तो अंथरुणाला खिळला तेव्हा मीच एकदाचं म्हणालो, "नामा, ती बंदूक माही व्हती."

"ठावं हाये. गाळात पार खोल दाबली. दम उखडला व्हता माहा."

"मी गप उभा राह्यलो रे..."

"येड्या, त्या दिवशी मला भ्या व्हतं ते तुहंच! म्हटलं, हे भितरं वर काही बोलून बसलं, तं दोघंबी गेलो."

जे गप्प राहणं मी उभा जन्म लाजेनं लपवलं, नेमकं तेच या माणसाला त्या दिवशी माझ्याकडून हवं होतं. मला रडू आलं, आणि रागही आला. "मंग इतकी वर्षं सांगितलं कामून न्हाई?"

तो हसला. हसताना खोकला आला. "सांगितलं असतं, तं फळी धराया आला असता का तू?"

परवा त्याचा मुलगा म्हणाला, "काका, टेबल तुम्ही घेऊन जा." मी नको म्हणालो. त्याच्या हातात रंधा दिला, फळी टेबलावर ठेवली आणि माझ्या बाजूनं घट्ट धरली. "मार," म्हटलं, "मी येत जाईन."