मृदंगवाला लांब बसला

नवा स्पीकर खोक्यातून काढताना थर्माकोल आणि व्हार्निशचा जो वास येतो, त्याने मला टिळकवाडीतलं ते दुकान आठवतं. घराण्यातला पहिला पदवीधर मी, नुकताच नोकरीला लागलो होतो आणि आप्पांना घेऊन निपाणीहून स्टिरिओ घ्यायला आलो होतो. आप्पांना एका खोक्याचा साधा टेपरेकॉर्डर पसंत होता; मी दोन स्पीकरवर अडून बसलो. दुकानदाराने त्यांना बरोबर मध्ये बसवून भजनाची कॅसेट लावली. उजवीकडून गाणं आणि डावीकडून मृदंग. थोडा वेळ ऐकून आप्पा म्हणाले, "मृदंगवाला भांडून लांब जाऊन बसलाय व्हय रं?" दुकानदार हसला आणि मला लाज वाटली. "आप्पा, ह्याला स्टिरिओ म्हणत्यात. तुमाला न्हाय कळायचं त्यातलं," मी सगळ्यांसमोर बोललो. आणि मी स्टिरिओच घेतला. घरी आईला हा किस्सा रंगवून सांगितला, तर ती हसली नाही. "त्यांचा डावा कान कवाच गेलाय रं, तंबाखूच्या कारखान्यात मशिनीशेजारी उभं राहून. तू कॉलेजात हुतास, म्हणून त्यांनी तुला सांगू दिलं न्हाय." संध्याकाळी माफी मागायला आप्पांजवळ गेलो आणि नुसतीच कॅसेट लावली. माझ्या तोंडाकडे बघून आप्पाच म्हणाले, "आता दोन्हीकडनं येतंय बघ. लई ब्येस." "बरं झालं," मी म्हणालो. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाचा आहे, आणि माझं ते 'बरं झालं' मला अजून गिळता आलेलं नाही.