कुठं चालले?

समुद्रपूरच्या स्टँडसमोर कुंदाबाईंचं किराणा दुकान. सत्त्याण्णव साली नवऱ्याला लकवा मारला, तेव्हापासून त्या गल्ल्यावरून हलल्या नव्हत्या. मागच्या खोलीत नवरा खाटेवर, पुढं गिऱ्हाईक. एसटीसाठी निघालेल्या प्रत्येकाला त्या विचारत, "कुठं चालले?"

निघालेल्या माणसाला 'कुठं' म्हणू नये, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी वर्ध्याच्या शाळेत मास्तर, रोज जाणारा आणि रोज चिडणारा. "काऊन टोकता वो?" म्हणायचो.

एका सकाळी त्या नवी साडी नेसून, शटर ओढून बाहेर आल्या. मी पायरीपाशीच उभा होतो. वर्ध्याची गाडी लागली होती. तेवढ्यात आतून नवऱ्याचा आवाज आला, "कुठं चालली वं?"

कोणी टोकलं की परत घरात जाऊन घोटभर पाणी प्यावं, मग निघावं, अशी रीत. त्या आत गेल्या. मी गाडीत बसलो, गाडी सुटली, त्या आल्या नाहीत.

संध्याकाळी दुकानात गेलो. त्या साखर तोलत होत्या.

"सकाळी निघाल्या कुठं होत्या?" मी विचारलं.

त्या हसल्या. "घ्या, तुमीबी टोकलं. इतक्या वर्षांत मले कोणी 'कुठं' म्हणलं नव्हतं, मास्तर. आज दोघांनी म्हणलं."